तसराळ्यातला वड

आई, वडाची पानं गळायला लागून आज आठवा दिवस. रोज किती गळली ते मी हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितेय: नऊ, चौदा, अकरा. काल एकच पडलं, पण झाडावर उरली होतीच दोन. गुरुवारी यांच्या हृदयाची तपासणी आहे आणि त्यानंतर चार दिवसांनी वटपौर्णिमा. झाडाचा आणि यांच्या छातीचा काही संबंध नाही, एवढं मॅट्रिक झालेल्या बाईला कळतं. तरी सकाळी उठले की मी आधी खिडकीतल्या झाडाकडे बघते, मग यांचा श्वास चाललाय ना ते.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लावलेलं हे झाड. इथे नेरूळला बायका बाजारातून वडाची तोडलेली फांदी आणतात, पूजतात, दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात. मला ते जमलं नाही. दहा वर्षांची असताना मी झोक्यासाठी विळ्यानं पारंबी तोडली होती, आठवतं? तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. तशाच पिठाच्या हातानं मला ओढत वडापाशी नेलंस. "लोखंड लावलंस व्हय गं त्याला? पाया पड आधी. आन् आज जेवायला मिळायचं न्हाई." म्हणून मी रस्त्यावरच्या वडाखालची लाल फळं रुमालात आणली, कुस्करली आणि मोहरीपेक्षा बारीक बी विटेच्या चुऱ्यावर पेरलं. दोन आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढी पानं. आज नऊ वर्षांचा वड, वीतभर उंचीचा, तडकलेल्या उथळ तसराळ्यात उभा आहे. पण लहान ठेवायचा तर दर दोन वर्षांनी मुळं कापावी लागतात. दर वेळी मी हात जोडून माफी मागते आणि मगच कात्री लावते. हे हसतात. "माझ्या आयुष्यासाठी पूजतेस ते झाड आणि तूच छाटतेस. शाब्बास!" यंदा कापली त्याच आठवड्यात यांना जिना चढताना धाप लागली. तेव्हापासून हे तो विनोद करत नाहीत.

मला वाटलं, लोखंड बाधलं. तुझाच शब्द खरा झाला. काल शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. त्यांनी नखानं साल खरवडली. वर तपकिरी. मधे तपकिरी. अगदी मातीलगत दोऱ्याएवढं हिरवं दिसलं. मग त्यांनी माती बोटानं उकरून नाकाला लावली. "वहिनी, हा तर चिखल झालाय! मुळं कापल्यावर पाणी जपून घालायचं सांगितलं होतं ना? रोज कोण ओततंय?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

मुद्दाम खोटं बोलले नाही गं. देवाच्या स्नानाचं पाणी मी पाण्यात धरलंच नव्हतं. तू ते कधी मोरीत जाऊ दिलं नाहीस, कुणाचा पाय पडेल म्हणून. आधी मी तुळशीला घालायचे, पण समोर टॉवर उभा राहिला, ऊन अडलं आणि तुळस गेली. खाली सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, घालायला माती नाही. मग रोज तांब्याभर वडाला. काका गेल्यावर मला ते उमगलं. कात्रीनं नाही, माझ्या पूजेनं त्याची मुळं कुजत होती.

आज पूजा झाली आणि तांब्या हातात घेऊन मी खिडकीपाशी किती वेळ उभी राहिले, सांगता येत नाही. हिरवा दोरा अजून दिसत होता. हे आतून म्हणाले, "चहा देतेस ना?" मी वळले आणि ते पाणी मोरीत ओतलं. सगळं.

यांना सांगितलेलं नाही. तू असतीस तर तुलाही सांगितलं नसतं. पण ओतल्यावर मी मोरीच्याच पाया पडले, आणि आज जेवले नाही.