तापाच्या रकान्यात ९८.४

१ ऑक्टो. खंडेनवमी
वॉर्डात नव्या मॉनिटरची पूजा. झेंडूची माळ, कुंकू, नारळ, पेढे. रक्त चढवताना पेशंटचं बीपी, नाडी, ऑक्सिजन आता हाच बघणार. ताप मोजायची त्याची वायर पूजेपुरती कपाटातून निघाली, कुंकू लागलं, परत कुलपात. "हरवली तर जबाबदार कोण?" इति मेट्रनबाई. मशीन आल्यावर थर्मामीटरही जमा करून घेतलेले. मग शीटवरचा तापाचा रकाना? सगळ्या जणी ९८.४ लिहितो. मीपण. बावीस वर्षं नोकरी झाली, लाज केव्हाच कोळून प्यायलेय.

९ ऑक्टो. सकाळपाळी
रेश्मा, पावस गावची. आठ दिवसांची बाळंतीण, रक्त फार गेलेलं. नवरा मुंबईला, सोबत सासू. दहाला पिशवी लावली. पंधरा मिनिटांत सासू टेबलापाशी. "सिस्टर, पोर कापताय गो. कंबर धरलीन."
ऑक्टोबरची काहिली, आणि ही कापतेय! आणि मी काय केलं? खाटेपासून चार हातांवर उभी राहून स्क्रीन बघितली. आकडे ठीक.
"मशीन सांगतंय ना, सगळं बरोबर आहे. पंखा बंद करा."
शीटवर ९८.४. पुढच्या नोंदीलाही ९८.४.
पाऊण तासाने मशीन बोंबललं. बीपी पडलेलं. पिशवी बंद केली, डॉक्टर धावत आले. "ताप होता?" "शीटवर आहे, सर." खोटं बोलले नाही म्हणे मी. वा गं शहाणे!
ताप नाही म्हणजे रक्ताचा दोष नाही. अशक्तपणा, असं लिहिलं गेलं. उरलेली अर्धी पिशवी तपासणीला जायला हवी होती, ती कचऱ्यात गेली. रेश्मा आयसीयूत.

११ ऑक्टो.
जिवंत आहे. शुद्धीवर आली.
आयसीयूच्या दाराशी सासू भेटली. "अंग नुसता विस्तव झालेला गो तेव्हा. मी हात लावून बघितला. पण म्हटला, एवढा मोठा मशीन, ता चुकेल कसा?"
वर म्हणते, "तुमी होतात म्हणून वाचली." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हात लावला. मी नाही.

१२ ऑक्टो.
मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "सुनंदा, शीट स्वच्छ आहे. नसती बिलामत कशाला ओढवून घेतेस? सगळ्याच अडकू." सगळ्याच! पण कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असते, ते नाही बोलल्या. चडफडत बाहेर आले. चहा प्यायले. चहा गोड लागला, त्याचाच राग येतोय.

१५ ऑक्टो.
रेश्मा परत वॉर्डात. रक्त अजून कमीच. उद्या दहाला दुसरी पिशवी. केसपेपरवर लिहिलंय, मागच्या वेळी ताप नव्हता. म्हणून जादा तपासणीही नाही. ताप होता हे कळलं तर डॉक्टर ही पिशवी आधी थांबवतील. पोरीचा जीव माझ्या त्या ९८.४ वर ठेवलाय.
दुपारी कागदावर लिहिलं, 'मी ताप मोजला नव्हता.' खाली सही केली. घडी घालून पर्समध्ये. डॉक्टर दोनदा समोरून गेले. दोन्ही वेळा मी सलाईनच्या बाटल्या मोजत बसले. मेली कसली ही भीती. नोकरी जाईल, चौकशी लागेल, पालीला माहेरी तोंड कसं...
निघताना रेश्माच्या कपाळावर हात ठेवला. गार होतं. ती हसली. तान्हं कुशीत झोपलेलं.
सासू म्हणाली, "उद्या तुमचीच पाळी ना गो बाय? तुमी असलात की मला घोर नाय."
"हो," म्हटलं.
कागद अजून पर्समध्येच आहे. नऊला डॉक्टरांचा राउंड. दहाला पिशवी.