सातवा खंड

बाबा, तुमचा सातवा खंड काल सापडला. इथे परदेशात, कॅरी गावात, आमच्या किचन टेबलावर, तुमच्या नातीच्या लॅपटॉपवर, पाच मिनिटांत. "मॉम, इट्स राइट हिअर. समबडी स्कॅन्ड द होल थिंग," म्हणाली आणि पुन्हा सीरिअल खायला लागली. मला इतका राग आला, की मी उठून स्वच्छ सिंकच घासत बसले. ज्यासाठी तुम्ही वर्षानुवर्षं परदेशी लायब्रऱ्यांना पत्रं पाठवलीत, ते पाच मिनिटांत!

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या एका प्रकाशकाच्या कौटुंबिक मासिकाचे ते सहा बांधीव खंड. तुम्ही सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून सायकलवर लादून आणले होते. शाळेत इंग्रजी शिकवून आलात, की त्यातल्या क्रमशः कादंबरीचा अनुवाद करत बसायचात. गिरणीच्या गावात मुलींची शाळा चालवणारी एक बाई. तिला लग्नाची मागणी येते, पण शाळा सोडण्याच्या अटीवर. मी नऊ वर्षांची आहे. आई पोळ्या लाटतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून नवं प्रकरण वाचताय. आई लाटणं थांबवून विचारते, "मग? सोडते का ती शाळा?" तुम्ही म्हणता, "ते सातव्या खंडात. मिळाला की सांगतो." तिला ते कधीच कळलं नाही.

तो प्रकाशक तुम्हाला फार पटायचा. आईबापांना मुलांपुढे मोठ्यानं वाचता येणार नाही असं काही छापायचं नाही, हा त्याचा नियम. अकरावीत मी कॉलेजच्या वार्षिकासाठी गोष्ट लिहिली. त्यातली मुलगी बापाशी भांडून घर सोडते. तुम्ही लाल पेनानं नेमकी ती दोन पानं काटलीत. "घरात सगळ्यांसमोर वाचता येईल असं लिहावं."

"पण बाबा, तीच तर गोष्ट आहे."

"मग गोष्टच चुकली."

मी ती दिलीच नाही. पुढे काही लिहिलंही नाही. आता फार्मा कंपनीत रिपोर्ट लिहिते. ते अगदी सगळ्यांसमोर वाचता येतात.

काल दुपारभर बसून शेवटची प्रकरणं वाचली. सोडते, बाबा. शाळा सोडते, एका परिच्छेदात. सहा खंड झगडलेली बाई नवऱ्याच्या घरी खिडकीशी शिवण घेऊन बसते, आणि सुखी असते म्हणे. स्कॅनसोबत कुणा अभ्यासकाची टीप आहे: लेखिकेनं शेवट वेगळा लिहिला होता, घरोघरच्या वाचकांना रुचणार नाही म्हणून प्रकाशकानं बदलून घेतला. तिनं काय लिहिलं होतं, ते आता कुणालाच माहीत नाही. मला तुम्हाला फोन लावून ओरडायचं होतं, "बघा तुमच्या प्रकाशकानं काय केलं ते!" तुम्ही गेल्यावर मी इकडे आणलेली तुमची अनुवादाची वही माझ्यासमोर उघडी आहे. ती पूर्ण करावी असं वाटतं. पण हा शेवट तुमच्या मराठीत उतरवायला हात धजत नाही, आणि दुसरा मला सुचत नाही. सुचायची सवयच गेली. यासाठी मी तुमच्यावर चिडायचं की स्वतःवर, हे पन्नाशीतही ठरत नाहीये.

आणखी एक आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहवतंय. मी इकडे आले त्या वर्षी दर रविवारी फोनवर तुमचा एकच प्रश्न असायचा, "तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत विचारलंस का गं?" एकदा मी सांगितलं, "विचारलं बाबा. त्यांच्याकडे नाही." तुम्ही म्हणालात, "असू दे. उगाच तुला धावपळ झाली." काल स्कॅनच्या पहिल्या पानावर त्याच लायब्ररीचा शिक्का दिसला. गाडीनं वीस मिनिटांवर आहे ती. बाबा, मी गेलेच नव्हते. वेळ नव्हता असंही नाही. माझी दोन पानं काटणाऱ्या तुम्हाला शेवट कळू नये, असंच मला वाटत होतं.