सहा वाजता घरी जायची सक्ती

हेनामच्या मावशीस देजॉनहून हेरानचा कमरेत वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? तू पाठवलेली किमची पोचली. अशी मुरली आहे की झाकण काढल्याबरोबर शेजारीण वाटी घेऊन दारात. इकडे सगळे ठीक. दानबीचे बाबा जहाजावर आहेत म्हणून ठीक, दानबी चार वर्षांची आहे म्हणून ठीक, आणि मी अजून पीएच.डी. करते आहे.

तर विद्यापीठाचं फर्मान निघालं की प्रत्येक प्रयोगशाळेत सगळ्यांना सामावून घेणारं वातावरण हवं. आमच्या प्यो सरांनी ते फारच मनावर घेतलं. (माणूस भला आहे. रागावून झाल्यावर स्वतः पाणी आणून देतो.) बैठकीत म्हणाले, "आजपासून लहानमोठं कोणी नाही. सगळ्यात धाकट्याने आधी बोलायचं." धाकटा ग्युतेक माझ्याकडे बघायला लागला, कारण सगळ्यात जुनी मी. मी सरांकडे बघितलं. सर छताकडे बघत होते. शेवटी ग्युतेक म्हणाला, "सरांचं बरोबर आहे," आणि बैठक संपली.

दुसरा नियम असा, की सहा वाजता सगळ्यांनी घरी जायचं, आयांनी तर आधी. (आया म्हणजे मी. दुसरी आई नाही.) पण सर बसलेले असताना उठणार कोण? हे त्यांनाही कळतं बरं का, म्हणून ते स्वतःच सहाच्या ठोक्याला निघायला लागले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खिडकीतून खाली बघते तर गाडी जागच्या जागी आणि गाडीत सर. आता त्यांच्या नाकासमोरून घरी कसं जायचं? बसलो. ते खाली बसून आमच्या दिव्यांकडे बघतात, पोरं राबतायत तर आपण कसं हलायचं म्हणून. वसंतापासून हेच चाललंय. तिकडे विद्यापीठाच्या पाळणाघरातली सगळी मुलं जातात आणि माझी दानबी बूट घालून एकटी बसून राहते. जीव तुटतो गं.

परवा म्हटलं, काय व्हायचं ते होवो. पर्स उचलली आणि उतरले. गाडीपाशी मान आपोआप वाकली, काच खाली आली. सर एकटेच किंबाप खात होते. "हेरान, काही अडचण?" मुलीला आणायला चालले, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "नाही सर, आपण जेवलात का ते विचारायला आले." त्यांना भरूनच आलं. "तुम्ही वर उपाशी आणि मी इथे खात बसलोय," म्हणत माझ्याबरोबर वर आले, सगळ्यांना काळ्या सॉसच्या नूडल्स मागवल्या आणि म्हणाले, असंच वातावरण हवं होतं मला. दानबीला आणायला आठ वाजले. नूडल्स चांगल्या होत्या, हे आणखी वाईट.

बाकी काळजी करू नकोस, प्रकृतीला जप.

तुझी,
हेरान

ता.क. आमच्या इमारतीला आता लिफ्ट आहे आणि पाळणाघराचा रस्ता सपाट आहे, तुझ्या गुडघ्यांना जमेल. उन्हाळाभर येतेस का? दानबीला सहा वाजता घरी आणायचं, एवढंच काम.

आणखी ता.क. सांगायचं राहिलं. आयांना सांभाळून घेणारी प्रयोगशाळा म्हणून आमची निवड झाली. माझा हसरा फोटो आवारभर लागलाय, पाळणाघराच्या दारावरसुद्धा. आई कधी येणार म्हणून दानबीने विचारलं की बाई तिला त्याच्यापुढे नेऊन उभी करतात. काल मी पोचले तेव्हा ती फोटोला सांगत होती, "झालं ना काम? चल आता." मावशी, उन्हाळ्याची वाट बघू नकोस.