पोरगं कुठल्या तालुक्यात

३ नोव्हेंबर, सोमवार

राजवीरचा फोन! वर्षभर बंद असलेला नंबर — आज जेवताना वाजला. उष्ट्या हातानंच उचलला. "राजवीर! बोल की बाबा! कुठं हाईस?" — गप्प. मागं पाऊस कोसळतोय, कंडक्टर ओरडतोय, "तक्कलै! मार्तांडम!" मग कट. परत लावला तर स्विच ऑफ.

कुठनं केला ते मात्र कळलं. नागरकोविलचा स्टँड. कन्याकुमारी जिल्हा, अगस्तीश्वरम तालुका. या कानांना तो स्टँड पाठ आहे. पोरवयात तिथं गेलतो, दुसऱ्याच्या गलाईच्या दुकानात, सोनं आटवायच्या भट्टीपुढं बसायला. पुढं भट्टी माझी झाली, दुकान माझं झालं. सगळं विकून मी नि बाळाबाई इकडं कोल्हापूरच्या बावड्यात येऊन घर बांधलं. पोरगं आलं नाही. "अप्पा, मी हितलाच हाय आता," म्हणाला. मग फोनच बंद.

बाळाबाई — "येतो म्हणाला का?"

"काय बोललाच न्हाय."

"मग एवढा येळ काय ऐकत हुतासा?"

४ नोव्हेंबर

आमच्या जुन्या दुकानाशेजारच्या टेलरला फोन लावला. राजवीरनं पावसाळ्याआधीच खोली बदलली, म्हणाला. कुठं गेला — ठाऊक नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

परत आला! परत गप्प! पण मागं चहावाला गिऱ्हाइकाशी बोलत होता — दर वाक्याला "एनुंग, एनुंग". असं अदबीनं बोलतात ते करूर, सेलमकडं. नागरकोविलला नाही. म्हणजे पोरगं वर सरकलंय!

बाळाबाईला नीट समजावलं. तमिळनाडूत जिल्ह्याखाली तालुका, तालुक्याखाली फिरका, मग गाव. आपल्याकडं सर्कल असतं तसा फिरका.

"मला फिरका नगो. पोरगं कवा येतंय ते सांगा!"

बोलतेय असं, पण माळ्यावरची त्याची गादी काढून उन्हात टाकली.

१० नोव्हेंबर

कन्नड! कंडक्टर "शिरा, हिरियूर" पुकारतोय. म्हणजे तुमकूर असणार. इथं फिरका संपला, कर्नाटकातली होबळी सुरू झाली. हद्द ओलांडली माझ्या पोरानं! मी एकटाच बोलत राहिलो — आई वाट बघतेय, भाकरी तव्यावर टाकायचं तेवढं राहिलंय. कट.

इचलकरंजीला लेकीला, मनालीला कळवलं. आमची थोरली. म्हणाली, "अप्पा, त्यो पत्ता सांगंना आणि तुमी जनगणना करताय व्हय!" हसली. मग हसता हसता रडली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हावेरी. किंवा त्याच्या जरा अलीकडं. "मुंद होग्री, मुंद होग्री", म्हणजे पुढं चला — हे 'री' तुमकूरला लावत नाहीत, तिथनं वर आल्यावर लागतं.

आज श्वास ऐकला. नंबर राजवीरचा. श्वासात घरघर. जड, थकलेला. माझं पोरगं तीन जिने चढून आलं तरी असा श्वास घेत नव्हतं. बाळाबाईला बोललो नाही. ती कानाजवळ आली होती, "काय म्हणतोय?" "प्रवासानं दमलाय," म्हणालो.

फोन ठेवल्यावरही ते स्टँड कानात वाजत राहतात. देवापुढं बसलो तरी कुणीतरी वाटेवर आहे. जवळ जवळ येतंय. येणाऱ्या पोराची बापाला भीती वाटते का कधी? मला वाटतेय.

१२ नोव्हेंबर

निपाणी. एक बाई मराठीत भांडतेय, दुसरी कन्नडमध्ये, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतंय! जिल्हा बेळगाव. कोगनोळीचा नाका ओलांडला की आपला कागल तालुका. मला माहीत असलेली दक्षिण इथं संपते.

बाळाबाईनं दाराची कडी काढूनच ठेवलीय. वांग्याचं भरीत केलं, एक ताट जादा वाढलं. ते ताट तसंच. तिनंही मग नीट खाल्लं नाही.

एक गोष्ट आज ध्यानात आली. "राजवीर!" म्हणून मी सुरू होतो, ते फोन कट होईपर्यंत थांबतच नाही. समोरच्याला तोंड उघडायला जागाच ठेवत नाही. जन्मभर दुसऱ्याचं ऐकून धंदा केला, आणि इथंच काय झालंय मला? उद्या गप्प बसून बघायचं.

१३ नोव्हेंबर

उचलला. गप्प राहिलो.

बऱ्याच वेळानं आवाज आला. म्हातारा माणूस. तमिळमध्ये बोलला — "अय्या, तो माझ्या घरी राहायचा. तापानं गेला. तुम्ही त्याचं नाव घेऊन हाक मारता, मग माझ्याच्यानं सांगवत नाही. अस्थी घेऊन आलोय. कोल्हापूरच्या स्टँडवर बसलोय."

आतनं बाळाबाईनं विचारलं, "पोचलं का पोरगं?"

"पोचलं," म्हणालो.