तिसऱ्या खोलीची तार

मार्गिलान,
३ सप्टेंबर

ती. होसियत ओपा यांस,
धाकट्या भावाचा, एर्गाशचा वाकून सलाम. वि. वि.

फोनवर मी नुसतं हो ओपा, हो ओपा म्हणतो आणि नंतर काहीच करत नाही, अशी तुमची तक्रार. म्हणून हुकमाप्रमाणे लिहून काढतोय. सोबिर त्याच्या टॅक्सीतून घाट ओलांडून पत्र ताश्कंदला आणेल. सोबत तुमच्या भावजयीने, झुलैहोने वाळवलेले जर्दाळू आहेत. आमच्या दाजींना, तुर्गुन अकांना कुस्करून द्या, चावायला लावू नका.

लेक मुनिसाचं लग्न महिनाअखेरच्या रविवारी नक्की झालं. पुरुषांची पंगत अंगणात, बायका पाहुण्यांच्या खोलीत, निकाह आतल्या दालनात. अंगणातल्या व्याह्यांना पुलाव खाताखाता निकाह दिसावा म्हणून मोठा पडदा भाड्याने आणतोय. बायकांकडे नवा टीव्ही आहे. राहिली आपली म्हातारी आई, ओयी. कंबर मोडल्यापासून ती मागच्या खोलीत पडून आहे, हे तुम्ही जाणताच. खाट उचलून अंगणात नेतो म्हटलं, तर तिने काठीच उगारली. व्याह्यांसमोर मला गादीसारखं उन्हात घालणार का, म्हणाली. मुनिसाच्या फोनवर तोंड दाखवायलाही तयार नाही. तिचं म्हणणं एकच: मला पाहायचंय, दिसायचं नाही.

तेव्हा तिच्या खोलीतल्या टीव्हीवरही तेच चित्र यायला हवं. एका कॅमेऱ्यातून तीन ठिकाणी. बाजारातून मी डबी आणली. एका बाजूला तीन भोकं, दुसऱ्या बाजूला एक. जोडली, काही दिसेना. माझा मेहुणा बोतिर म्हणाला, उलटी लावलीय. उलटवली, तरी अंधार. आता तुम्हीच मार्ग दाखवा. घरात शिकलेलं माणूस तुम्ही एकटंच.

रागावलात तरी प्रेम राहू द्या, एवढंच मागतो.
आपला,
एर्गाश


ताश्कंद,
७ सप्टेंबर

चि. एर्गाश यास,
होसियतचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचले, जर्दाळूही.

डबी उलटी नव्हती, तू उलटा आहेस. तू आणलेली डबी तीन ठिकाणची चित्रं घेते आणि त्यातलं एक निवडून दाखवते. तुला हवी ती एकाचे तीन करणारी. तिला स्प्लिटर म्हणतात. दुकानात शिरण्याआधी नाव पाठ कर आणि बोतिरला घरी ठेव.

आता नीट वाच. आपल्या गल्लीतल्या पाटाचं पाणी तीन घरांनी घेतलं की प्रत्येकाला कमी येतं. चित्राचं तसं होऊ नये म्हणून या डबीला स्वतःची वीज लागते. वीज न लागणारी स्वस्त डबी कुणी दाखवली तर तिथून उठ. दुसरं, ओयीच्या खोलीपर्यंतची तार लांब पडेल. जाड आणि चांगल्या प्रतीची घे, ओसरीच्या कडेने ने, आणि वर सतरंजी टाक, नाहीतर पहिल्याच पाहुण्याच्या पायात येईल.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं. ओयीचा टीव्ही म्हणजे रेशीम कारखान्याने निवृत्तीच्या वेळी दिलेला तो लहान, जुना संच. ती तो बदलू देणार नाही, विचारूही नकोस. साधी डबी तीनही पडद्यांना विचारते, तुम्हाला कितपत बारीक चित्र झेपेल, आणि जो सर्वांत दुबळा त्याच्या बेताचं चित्र सगळ्यांना वाढते. पंगतीत एकाला दात नाहीत म्हणून सगळ्यांचाच पुलाव गिच्च शिजवावा, तसं. मोठ्या पडद्यावर ते फार जाणवेल. म्हणून प्रत्येक पडद्याला त्याच्या त्याच्या मापाचं चित्र देणारी डबी माग. महाग असते. असू दे.

इथल्या बाजारात ती सहज मिळते. मी जाऊन आणली असती. पण चहाला आधण येईपर्यंतसुद्धा तुर्गुन अकांना एकटं ठेवता येत नाही. परवा दारापर्यंत गेले तेवढ्यात ते खाटेवरून घसरले. लग्नालाही येता येणार नाही. त्यावर पुन्हा लिहायला लावू नकोस.

आणखी एक. मुनिसा उंबरा ओलांडेल तेव्हा घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने ओंजळ पसरून दुआ द्यायची, हे मी सांगायला नको. ओयी ती पडद्याकडे पाहूनच देईल. पण चित्र एकाच दिशेने जातं. तिचे हात तुम्हाला दिसणार नाहीत. त्या वेळी तिच्यापाशी कुणीतरी बसलेलं हवं.

मुनिसाचा पापा घे. तुझ्यावर माया आहे, म्हणूनच बोलते.
होसियत


मार्गिलान,
२४ सप्टेंबर

ती. ओपा यांस,
वाकून सलाम. वि. वि.

तुम्ही सांगितलेली डबी इथे मिळाली नाही. दुकानदाराने आधी तळहात आकाशाकडे केले, मग ताश्कंदहून मागवतो म्हणाला, आणि आता रोज उद्या म्हणतो. शेवटी विजेवर चालणारी साधी आणली. काल सगळं जोडून पाहिलं. ओयीच्या टीव्हीवर अंगण दिसायला लागलं. बिहीच्या झाडावर मांजर चढलेलं दिसलं, तर ओयी पडल्यापडल्या टीव्हीतल्या मांजराला हाकलायला लागली. झुलैहो हसूनहसून जमिनीवर बसली. इतक्या महिन्यांत ओयी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती.

पण तुम्ही म्हणालात तेच झालं. मोठ्या पडद्यावर माणसांची तोंडं तंदूरमध्ये करपलेल्या रोटीसारखी दिसतात, कडाच नाहीत. बोतिरने ओयीची तार काढली, तर चित्र लख्ख. पुन्हा लावली, पुन्हा धूसर. मी त्याला झापलं आणि तार परत लावायला लावली. पण मुलाकडचे शहरातले लोक, पडदा भाड्याचा, वर माझं नाक. काय करावं सुचत नाही. तुमचं उत्तर रविवारच्या आत पोचणार नाही हेही कळतंय. तुम्ही असता तर बोट दाखवून मोकळ्या झाल्या असतात.

ओयीजवळ मात्र कुणी बसणार नाही. आईने मुलीला निरोप द्यायचा, म्हातारीची राखण करायची नाही, असं म्हणून तिने झुलैहोला आधीच दम दिलाय.

दुआ असू द्या.
एर्गाश


मार्गिलान,
२ ऑक्टोबर

ती. ओपा यांस,
सलाम. तुमच्या आशीर्वादाने कार्य पार पडलं.

पुलाव पुरला. व्याही खूश. निकाहाच्या वेळी मुनिसा इतकी गप्प राहिली की इमामांना तिसऱ्यांदा विचारावं लागलं, मग हळूच हो म्हणाली आणि बायका रडायला लागल्या. त्याच सुमारास मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, पडद्यावर धुकं का? सगळे हसले. मी पंगतीत उभा होतो, ओपा, हातात ताट. तुमच्या पत्रातलं आठवलं, आणि जरा वेळापुरती एक तार काढली. चित्र आरशासारखं झालं. चुलते वाहवा म्हणाले. मग पुलावाची दुसरी कढई उतरवायला मला बोलावलं, आणि पुढे मुलीच्या पाठवणीचे कर्णे वाजायला लागले. तार नंतर कुणीतरी लावलीच असणार. बोतिर तिथेच होता.

ओयीने सगळं पाहिलं. संध्याकाळी मी तिच्या खोलीत गेलो तेव्हा तिने स्वतःच सांगितलं की सगळं दिसलं, छान दिसलं, दुआही वेळेवर दिली. टीव्ही मात्र तिने बंद करून ठेवला होता. डोळे दुखतात म्हणाली.

मुनिसाचं सासर दोन गल्ल्या सोडून नाही, शहरापलीकडे आहे. पण पुढच्या शुक्रवारी आपण जोडप्याला जेवायला बोलावलंय. तुम्ही असायला हव्या होत्या. अकांना सलाम.

आपली माया आहेच, ती आटू देऊ नका.
एर्गाश


मार्गिलान,
३ ऑक्टोबर

माझ्या होसियत बाळा,
आईच्या उदंड दुआ.

हाताने लिहितेय, ओळी वाकड्या जातील. सोबिरला खिडकीतून बोलावून देईन. एर्गाशला हे पत्र ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायचंही नाही.

निकाह मी पाहिला. मुनिसाने मान खाली घातली तेवढं पाहिलं, आणि टीव्ही काळा झाला. वाटलं, वीज गेली. पण दिवा चालू होता. काठीने भिंत ठोकली. बाहेर एवढा गोंधळ, कोण ऐकणार? मला तर माझीच काठी ऐकू येत नाही. वाट पाहिली. मग खिडकीची काच थरथरायला लागली. कर्ण्यांनीच ती तशी थरथरते, तुझ्या लग्नातही थरथरली होती. म्हणजे पोर निघाली.

मग मी काय करणार? ओंजळ पसरली आणि त्या काळ्या काचेकडे बघून दुआ दिली. काचेत माझंच तोंड दिसत होतं, बिनदातांचं. मला दिसायचं नाही म्हणाले होते ना? तर मीच दिसले, आणि दुसरं कुणी नाही. हात किती वेळ तसेच ठेवले ते कळलं नाही. ती उंबऱ्यावर आहे की गाडीत बसली, हेच कळेना. खाली कधी घ्यायचे?

दुआ पोचली असेल का गं? तू शिकलेली आहेस म्हणून विचारते.

एर्गाश आला तेव्हा घामाने भिजलेला होता आणि इतका आनंदात होता. लहानपणी पतंग उडाला की दिसायचा तसा. मी म्हटलं, सगळं दिसलं. तूही तेच म्हण.

तुर्गुनला सांभाळ. स्वतः जेव.
तुझी ओयी


ताश्कंद,
६ ऑक्टोबर

चि. एर्गाश यास,
आशीर्वाद. कार्य नीट झाल्याचे वाचून समाधान वाटले.

शुक्रवारी मुनिसा येईल तेव्हा तिला पाहुण्यांच्या खोलीत नेऊ नकोस. आधी चहा नाही, जेवणाचा दस्तरखान नाही, सासरच्यांची विचारपूस नाही. दारातून सरळ ओयीच्या खोलीत. खाटेजवळ जमिनीवर, खिडकीच्या उजेडात बसव, म्हणजे ओयीला तोंड नीट दिसेल. जावई बाहेर थांबेल. ओयी ओंजळ पसरेपर्यंत मुनिसाने उठायचं नाही. मग बाकीचं.

कारण विचारू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, मोठी बहीण ताश्कंदला बसून हुकूम सोडते, तिला दुसरं काही करता येत नाही. ते खरंही आहे.

डबी आणि तारा गुंडाळून माळ्यावर टाक. ओयीच्या टीव्हीला हात लावू नकोस.

अकांचा उजवा हात काल किंचित हलला. की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

माया आहे.
होसियत


मार्गिलान,
१२ ऑक्टोबर

ती. ओपा यांस,
सलाम.

तुम्ही लिहिलं तसंच केलं. मुनिसा सरळ ओयीकडे गेली आणि जमिनीवर बसली. मी दारात उभा होतो. ओयीने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग सांगायला लागली की त्या दिवशी मी सगळं पाहिलं हो. तू किती सावकाश चाललीस. आणि फाटकापाशी गेल्यावर थांबलीस, वळून माझ्या खिडकीकडे पाहिलंस, नेमकी तेव्हाच मी दुआ दिली.

मुनिसा हो म्हणाली. म्हणाली, मला कळलं होतं, म्हणूनच वळले.

ओपा, मुनिसा वळली नव्हती. तिच्या डोक्यावरून शाल कमरेपर्यंत ओढलेली होती, तिला समोरचंसुद्धा दिसत नव्हतं. तिचा हात धरून मीच तिला फाटकाबाहेर नेलं.

मग ओयीने ओंजळ पसरली. मुनिसाने पसरली. मी दारातच पसरली. ओयीचे हात खाली येईनात. शेवटी मुनिसानेच ते धरून हळूच तिच्या चेहऱ्यावरून फिरवले.

बाहेर येऊन बोतिरला विचारलं. तो म्हणाला, तार तुम्ही काढलीत दाजी, मी कशाला हात लावतो? डबी माळ्यावर टाकायला गेलो, तर तिसरी तार सतरंजीखाली तशीच सुटी पडलेली होती.

तुम्हाला ठाऊक होतं. विचारत नाही, उत्तरही लिहू नका. ओयीला काही बोललो नाही. आत्ता ती मला हाका मारतेय, मांजर पुन्हा बिहीवर चढलंय म्हणते. तिच्या खिडकीतून ते झाड दिसत नाही, आणि टीव्हीची तार तर सुटलेलीच आहे.

प्रेम मागायला तोंड नाही. तरी असू द्या.
एर्गाश