रासुआ आजीला काय उत्तर देऊ?

प्रिय करू,

कशी आहेस? ताप पुरता उतरला ना? तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? चर्चच्या तीन पायऱ्या चढताना माझा खांदा धरायची. तिकडे पायऱ्या आहेत का गं? थोरल्या काकांचा दमा थांबला असेल. त्यांना सांग, तपकिरीची डबी माझ्याकडेच आहे, कुणाला दिली नाही.

म्हणशील, पपा भ्रमला, मेलेल्यांची खुशाली विचारतोय! पण मी पत्र असंच लिहायला शिकलो. चौथीत शाळा सुटली, पुढची अक्षरं खिळ्यांच्या पुडीच्या कागदांवरून गिरवली. खुशाली विचारल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकत नाही.

आणि या वेळी लिहिणं भागच आहे. रविवारी मी एक घोटाळा करून बसलोय.

तुला पुरलं ती मादागास्करची तांबड्या मातीची टेकडी फाटत चालली आहे. गेल्या पावसात तिथे मोठी घळ पडली. विनयरावांनी फोनवर दाखवली. जावई माझा, कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. घळ तुझ्या उशापासून दहा पावलांवर आलीय, करू! पुढच्या पावसात कबर खाली जाईल. तुला हलवायचं ते तिकडच्या कोरड्या थंडीतच, आणि ती थंडी आता चालू आहे. इकडे पेरण्या उरकल्या, तिकडे तुझी प्रीती स्वेटर घालून बोलते.

इकडे आणायचं म्हटलं तर परवानग्या. विनयरावांचे जोडे झिजले. थंडी संपायच्या आत ते होण्यातलं नाही.

अशात रासुआ आजी पुढे आली. तू चालवायचीस त्या पोरांच्या वर्गात जिची तीन नातवंडं यायची, ती. म्हणाली, आमच्या घराण्याच्या थडग्यात करुणाला जागा देतो. दगडाची खोली आहे म्हणे, आत दगडी फळ्या, त्यांवर तिचे आजे-पणजे कापडात गुंडाळून निजलेले. काही वर्षांनी उघडतात, वाजतगाजत नवं कापड घालतात. विनयराव होय म्हणणार तोच तिने थांबवलं. "तू नवरा. मुलगी बापाची. बापाचा शब्द आण."

काय सांगू तुला! आपल्याकडे लग्न लागलं की बापाला कोण विचारतं? तू मादागास्करला निघालीस तेव्हा तू तरी विचारलंस का? माझ्या कामाच्या स्टुलावर बसून, लाकडाच्या भुशात पाय हलवत सांगितलंस, "पपा, आमचं ठरलंय." ठरलंय!

मी काय बोललो ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "कोपरगावच्या कारखान्यावर ऊसतोडीची पोरं संपली का? समुद्र ओलांडून कुणाची शेंबडी नाकं पुसायला चाललीस?" तू त्याच पालांवर चार हंगाम वर्ग चालवलास, हे मला ठाऊक होतं. तरी बोललो. आणि निघायच्या दिवशी केडगावच्या फाट्यापर्यंत तुझी आई आली, मी नाही. मी रंधा मारत बसलो. रिक्षाचा आवाज ऐकला, मान वर केली नाही. तू मागे वळून पाहिलंस का गं? आईला मी हे कधी विचारलं नाही.

नंतर तू फोनवर वर्ग दाखवायचीस. चटईवर पोरं ओळीने, पाय पुढे पसरून. त्या मातीतली पिसू पायाच्या बोटांत शिरते, अंडी घालते, पोराला चालता येत नाही. तू सुई उकळून एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचीस. प्रार्थना नाही, गाणं नाही, आधी पाय. मी म्हणालो, "ही रविवारची शब्बाथशाळा आहे की दवाखाना?" तू म्हणालीस, "पपा, पाय ठणकत असला की गोष्ट डोक्यात शिरत नाही." खरं सांगू? त्या दिवशी मला तुझा गर्व वाटला. बोललो नाही. सुतार माणूस, कौतुकसुद्धा तासून तासून शेवटी उरतच नाही.

आपल्या मंडळीत कुणी गेलं की पेटी मी करतो, हे तू लहानपणापासून बघत आलीस. तुझ्या काकांची केली. आईची केली, तिला रुंद लागली. एक तुझीच कुणा परक्याने केली. तुझं माप मला तोंडपाठ होतं, करू! फळ्या चांगल्या लावल्या होत्या का? सांधे धरले का? आणि आता म्हणे त्या पेटीतूनही काढणार.

आईचं तर वेगळंच. शेवटच्या आठवड्यात रोज एकच, "करूला आणा. माझ्या शेजारी ठेवा." मी म्हणालो, "हो." दुसरं काय म्हणणार होतो? तिने माझा हात सोडला तो त्या "हो"वर. तिच्या शेजारची जागा मी राखून ठेवलीय, गवत वाढू देत नाही. आता दुसरी म्हातारी माझ्याकडे दुसरा "हो" मागते. एका तोंडाने दोन "हो" कसे देऊ?

चर्चमध्ये पाळकसाहेबांकडे गेलो. चांगला मुलगा आहे, खुर्ची पुढे ओढून दिली. पण म्हणाला, "काका, त्यांच्या पितरांच्या रांगेत आपली करुणाताई? उद्या तिथे काय काय विधी होतील! लोकांना आपण काय सांगायचं?" मी उठून आलो.

कोपरगावला तुझ्या आत्याला फोन केला. ती फोनवरच खेकसली. "दादा, तू लई शाना! पोरगी जित्ती हुती तवा फाट्यापोतुर गेला न्हाईस, आन आता हाडांसाठी रडतुयास व्हय?" पुढे तिलाच रडू फुटलं. म्हणाली, "मला नको इचारू. मला काय बी सुचत न्हाई."

मग रविवार आला. उपासना आटोपून घरी आलो आणि फोन वाजला. पडद्यावर रासुआ आजी, खांद्यावर पांढरी शाल, तोंडात दोनच दात. "सलामा," म्हणाली. मी "सलाम" केला. मध्ये आपली प्रीती, दोन्हीकडचं सांगायला. बारा वर्षांची पोर, आईच्या हाडांची बोलणी करत होती! मला तोंड लपवावंसं वाटलं.

"आजोबा, ती म्हणते, टेकडीवर आईला थंडी वाजते. एकटं असलं की वाजतेच."

मी विचारलं, "तिच्या शेजारी कोण असेल?"

प्रीतीने विचारून सांगितलं, "एका बाजूला तिची मुलगी आहे, बाळंतपणात गेलेली. दुसरी बाजू तिची स्वतःची आहे. म्हणते, मी आले की मीच असेन."

"आणि पेटी?"

"पेटी नाही, आजोबा. कापड. ती म्हणते, लाकूड कुजतं, कापड बदलता येतं."

सुताराला हे ऐकावं लागलं. माझ्याने होय म्हणवेना, नाही म्हणवेना. मग आपण सगळे जे म्हणून सुटका करून घेतो, तेच म्हणालो. "विचारून सांगतो."

प्रीती म्हणाली, "कुणाला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या आईला."

मला वाटलं, आता ही पोर रडणार. पण तिने ते तसंच म्हातारीला सांगितलं. आणि म्हातारीला काही वावगं वाटलं नाही, करू! तिने मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाली. "तिलाच विचारा. पुढच्या रविवारपर्यंत थांबते."

तर झालं हे असं. ती बिचारी थांबलीय, आणि तिला वाटतं मी विचारतोय. म्हणून विचारतोय. तुला कुठे बरं वाटेल, करू? ज्यांच्या पायांसाठी गेलीस त्यांच्यात, की आईजवळ? मी पंचाहत्तरीचा, समुद्र ओलांडणं माझ्याने होणार नाही. एकदा तुला न विचारता तुझ्यावर रागावलो. या वेळी न विचारता काही करणार नाही, हा माझा शब्द. तू नाही म्हणालीस तर नाहीच सांगेन, मग विनयरावांबरोबर काय वाट निघेल ती निघेल. तू होय म्हणालीस तर होय. आणि आईपुढे मी उभा राहीन, शब्द मी मोडला म्हणेन, तू मध्ये पडू नकोस.

आणि रविवारपर्यंत काहीच आलं नाही, तर मी होय म्हणेन. तुला थंडी वाजते हे ऐकल्यापासून दुसरं काही म्हणवत नाही.

पण काहीच आलं नाही, असं करू नकोस गं. दोन ओळी पुरतात. लवकर लिही.

तुझा,
पपा