ताटातलं कारलं

सुरत, मंगळवार, १९९६

डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेत म्हणे उत्तर चुकलं की मार्क कापतात, कोरं सोडलं तर नाही. ही कुठली रीत? नात सुमी येत नाही तिथेही अंदाजाने उत्तराचा गोल भरून येते. गेल्या वर्षी त्यातच तिचा नंबर हुकला. यंदाही नाही जमलं तर तिचा बाप नंदुरबारकडची स्थळं बघणार.

"येत नाही ते सोड ना पोरी!"

"राहवत नाही, आजी. ताटात काही टाकायचं नाही, तूच शिकवलंस."

असं होतं होय? म्हटलं, बघूच. आज मुद्दाम कारलं वाढलं आणि तिला ते तसंच ठेवून उठायला लावलं. उठली, पण दहादा मागे बघत. मग ताट उचलताना ते कारलं मीच खाल्लं.

परीक्षेला मी बसत नाही, तेच बरं.